न ऐकण्याची खोली

आमंत्रण फोनवर आलं तेव्हा मी भाजी फोडणीला टाकत होते. गुलाबी फुगे, केकचं चित्र, आणि खाली लिहिलेलं, शनिवारी दुपारी, केटीव्ही. मला वाटलं, असेल मुलांना उड्या मारायचं एखादं ठिकाण. नवऱ्याला दाखवलं तर तो तिथल्या तिथे नाचायलाच लागला. "अगं, कॅरिओके! चिनी लोक त्याला केटीव्ही म्हणतात. खोली भाड्याने घ्यायची आणि आपलं आपण गात बसायचं. भारी ना?"

मोहरी करपली. भारी कसलं? जी पोर दोन वर्षं घराबाहेर तोंडातून ब्र काढत नव्हती, तिला सरळ माइकच्या गावाला बोलावलं होतं.

गैरसमज नको, माझी लेक मुकी नाही. घरात तिच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की आम्हाला फोनवर बोलायची चोरी. मराठी सगळं कळतं, बोलते मात्र बहुतेक इंग्रजी, तेही अशा आयरिश हेलात की पुण्याहून माझी आई विचारते, "काय म्हणाली गं ती? मला नीट सांग बाई." पण दाराबाहेर पाऊल पडलं रे पडलं की मिठाची गुळणी. शेजारीण विचारो, डॉक्टर विचारो, दुकानातली बाई विचारो, ही आपली स्वतःच्या बुटांकडे बघत उभी. आमच्या भागातल्या, सिटीवेस्टच्या शाळेत गेल्यापासून तिच्या वर्गातल्या बाईंनी तिचा आवाज ऐकलेला नव्हता. म्हणजे खरोखरच ऐकलेला नव्हता. मी एकदा घरातलं रेकॉर्डिंग लावून दाखवलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाई स्वभावाने फार चांगल्या. पण त्यांचं एकच पालुपद, "शी इज ग्रँड," म्हणजे छान चाललंय तिचं. या देशात सगळंच ग्रँड असतं. पाऊस आला, ग्रँड. लुआस ट्राम बंद पडली, ग्रँड. पोरगी दोन वर्षं बोलत नाही, तीही ग्रँड! बोलायला लावणाऱ्या तज्ज्ञांकडे नाव घातलं होतं, तिथे नंबर लागेल तेव्हा लागणार होता. नवरा म्हणायचा, "होईल गं, लाजाळू आहे, मीपण लहानपणी लाजाळू होतो." हे त्याचं म्हणणं खोटं आहे. त्याच्या आईने मला सांगितलंय की हा बारशाला आलेल्या बायकांनासुद्धा गाणी म्हणून दाखवायचा.

आणि मग ती बोटाची गोष्ट झाली. वर्गात कपाटाच्या, म्हणजे इथल्या भाषेत प्रेसच्या, दारात तिचं बोट सापडलं. साध्या शब्दात सांगायचं तर बोट दारात चेपलं जात होतं आणि माझी मुलगी ओरडली नाही. रडतसुद्धा होती ती आवाज न करता. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीने पाहिलं आणि तीच किंचाळली, तेव्हा कुठे दार उघडलं. संध्याकाळी घरी येऊन लेकीने मला सगळं रंगवून सांगितलं, कोण काय म्हणालं, बर्फ कुठून आणला, कोणत्या रंगाची पट्टी लावली. मी विचारलं, "अगं मग ओरडली का नाहीस?" तर म्हणाली, तिला ओरडायचं होतं पण आवाज "वुडन्ट कम आउट." बाहेर येईना म्हणे.

त्या दिवसापासून माझी झोप गेली. काळजी करण्यात तसाही माझा हात कोणी धरणार नाही, त्यात हे निमित्त. रस्त्यात कोणी ओढलं तर ही ओरडेल का? पाण्यात पडली तर? बसमध्ये चुकून राहिली तर? बोलणं ही मला तोवर हौसेची गोष्ट वाटायची. आता वाटायला लागलं की ते नसेल तर माझं मूल या जगात उघडं आहे.

तर जी मुलगी किंचाळली, तिचाच हा वाढदिवस. तिचे आईवडील चीनमधले, तिचा जन्म इथला. माझी लेक घराबाहेर जगात एकाच व्यक्तीशी बोलायची, ते म्हणजे हिच्याशी, तेही कानात. मग ती मैत्रीण मोठ्याने सांगायची, "तिला पाणी हवंय," "तिला हे आवडत नाही." मला त्या पोरीचे पाय धरावेसे वाटायचे, आणि हेवाही वाटायचा. माझ्या मुलीचा आवाज तिच्या कानात जात होता आणि पुढे कुठे जातच नव्हता.

शाळेच्या फाटकापाशी तिची आई भेटली. ही बाई औषधांच्या कंपनीत काम करते, चालते भराभर, बोलते त्याहून भराभर, आणि तिच्या पिशवीत सोललेल्या संत्र्याचा डबा कायम असतो. मी घरून पाठ करून गेले होते. म्हटलं, आम्ही नक्की येऊ, पण माझी मुलगी गाणार नाही, तिला कोणी गायला सांगू नका, माइक देऊ नका, फोटोसुद्धा नको, वाईट वाटून घेऊ नका.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिला कलिंगड आवडतं?"

"हो."

"मग झालं की," म्हणाली आणि निघून गेली.

शनिवारी आम्ही लुआसने शहरात निघालो. लेक खिडकीला नाक लावून बसली होती, मांडीवर भेटवस्तूची पिशवी. नवरा गुणगुणत होता. नुसता गुणगुणत नव्हता, गळा तयार करत होता. इथल्या मराठी मंडळाचा तो ठरलेला गायक. गणपतीत आणि दिवाळीत त्याच्याशिवाय पान हलत नाही. प्रत्येक गाण्याआधी छातीवर हात ठेवून, वाकून, "रसिक मायबाप" म्हणतो. मी त्याला बजावलं, "तिला गायला सांगायचं नाही. 'म्हणून दाखव' हा शब्द तोंडातून काढायचा नाही."

"अगं मी काय वेडा आहे का?"

"नाहीस. पण तू आपल्या लोकांतला आहेस."

त्याला लागलं ते, पण खरंच होतं. आपल्याकडे मूल जरा बोबडं बोलायला लागलं की पाहुण्यांपुढे उभं करतात. टीव्ही बंद. "शू, गप्प बसा सगळे, ऐका." सगळ्यांचे डोळे त्या एवढ्याशा जिवावर, आणि मग "म्हण बाळा." रविवारच्या व्हिडिओ कॉलवर दोन्हीकडच्या आज्या हेच करायच्या. इकडे लेक टेबलाखाली, तिकडे आज्या डोळ्यात प्राण आणून स्क्रीनकडे बघतायत, आणि मधे मी घामाघूम.

ते ठिकाण पार्नेल स्ट्रीटच्या बाजूला, खाली उपाहारगृह आणि वर जिना. वर एक लांब बोळ, दोन्हीकडे बंद दारं, आणि प्रत्येक दाराआडून वेगळं गाणं. आमच्या खोलीचं दार उघडलं आणि मी तिथेच थबकले. खिडकी नाही. भिंतीला लागून लांबच लांब सोफा, मधे बुटकं टेबल, टेबलावर कापलेल्या फळांची परात, सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाणे, गरम पाण्याचे थर्मास. समोर भला मोठा स्क्रीन. आणि माणसं! मी पाचसात मुलं आणि त्यांच्या आया असतील असं धरून चालले होते. इथे आजी, आजोबा, मामा, मामाचे मित्र, कडेवरची बाळं, सगळा गोतावळा.

आजोबा गात होते. स्क्रीनकडे तोंड, आमच्याकडे पाठ, आणि आवाज असा की छप्पर उडावं. सूर कुठल्या कुठे. बाकीचे काय करत होते? मामा आणि त्यांचे मित्र पेल्यात फासे खुळखुळवून टेबलावर आपटत होते आणि एकमेकांवर ओरडत होते. एक बाई फोनवर बोलत होती. आजी बिया सोलत होत्या. मुलं सोफ्यावरून उड्या मारत होती. आजोबांचं गाणं संपलं, त्यांनी माइक ठेवला, कलिंगडाची फोड उचलली. एकाने टाळी वाजवली असेल तर शपथ.

मला बाई कसंसंच झालं. म्हातारा माणूस जीव तोडून गातोय आणि घरच्यांना पत्ता नाही! आपल्याकडे कोणी गात असताना साधं खोकलं तरी चार माना वळतात. मी एकटीने टाळ्या वाजवल्या तर आजोबांनी दचकून माझ्याकडे पाहिलं, काही चुकलं का अशा चेहऱ्याने.

मग नवऱ्याची पाळी आली. गाण्यांची यादी एका मोठ्या काचेवर बोट फिरवून निवडायची होती. त्यात मराठी कुठून असणार? शेवटी एक जुनं इंग्रजी गाणं सापडलं. त्याने छातीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि सुरू केलं. खरं सांगते, छान गायला. शेवटची ओळ तर अशी लांबवली की मंडळात असता तर लोकांनी 'वन्स मोअर' म्हणून खोली डोक्यावर घेतली असती. डोळे उघडले तर मामा फासे मोजतायत.

परत येऊन माझ्याशेजारी बसला. चेहरा एवढासा. "एकानेही बघितलं नाही गं."

"मी बघितलं ना."

"तू बायको आहेस."

त्याचा अहंकार असा दुखावला होता की तो पुन्हा उठला. दुसरं गाणं. मग तिसरं. आता या लोकांना ऐकायला लावल्याशिवाय सोडत नाही असा त्याचा पवित्रा होता. चौथं गाणं लावायला गेला तेव्हा मामांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि हसत ओरडले, "माइबा! माइबा!" सगळे हसले, "माइबा!"

नवरा उजळून निघाला. माझ्याकडे वळून म्हणाला, "ऐकलंस? मायबाप म्हणतायत मला. यांच्यातही आहे वाटतं तो शब्द!" आणि खाली वाकून त्याने सगळ्यांना नमस्कार केला. ते आणखी हसले.

मैत्रिणीची आई माझ्या शेजारी येऊन बसली होती. मी तिला हळूच अर्थ विचारला. ती आधी संकोचली. मग म्हणाली, 'माइ' म्हणजे माइक, आणि 'बा' म्हणजे दादागिरी करणारा. माइक एकदा हातात आला की जो सोडत नाही, त्याला माइबा म्हणतात. प्रत्येक घरात एक असतो, आमच्याकडे आजोबा आहेत.

मी इतकी हसले की ठसका लागला. नवऱ्याला मी काही सांगितलं नाही. राहू दे, म्हटलं, दिवसभर तरी खूश राहील.

पण हसता हसता माझं एक लक्ष लेकीकडे होतंच. डोळ्यांत तेल घालून बघत होते मी. ती कोपऱ्यात मैत्रिणीला चिकटून बसली होती, हातात कलिंगड. माइक एकाकडून दुसऱ्याकडे जात होता आणि जवळ येईल तसा माझा जीव टांगणीला लागत होता. एक लहान मुलगा गायला. एक काकू गायल्या. मग वाढदिवसाच्या मुलीने काचेवर बोट ठेवून गाणं लावलं, दोन्ही माइक उचलले आणि एक सरळ माझ्या लेकीच्या हातात दिला.

मी अर्धी उठले होते. "नको, नको, तिला नको" असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण लेक उठली. दोघी स्क्रीनसमोर जाऊन उभ्या राहिल्या, आमच्याकडे पाठ करून. स्क्रीनवर बदकं नाचत होती. मुलांचं चिनी गाणं होतं ते, मैत्रिणीने तिला कधी शिकवलं कोण जाणे. मैत्रीण गायला लागली. माझी मुलगी नुसती माइक धरून उभी. एक ओळ गेली, दुसरी गेली.

आणि तिसऱ्या ओळीला मला दोन आवाज ऐकू आले.

माझ्या अंगावर काटा आला. तो आवाज मी हजारात ओळखेन. बारीक, थोडासा घोगरा, सकाळी दूध नको म्हणून भांडणारा. फासे आदळत होते, मामा ओरडत होते, कोणाचं बाळ रडत होतं, आणि त्या सगळ्या गोंगाटात माझी मुलगी घराबाहेर, माणसांत, मोठ्याने गात होती. तेही चिनी भाषेत! दोन वर्षं ज्या आवाजासाठी मी देव पाण्यात घालून बसले होते, तो आला तर असा, मला एक शब्द न कळणारा.

मी नवऱ्याचा दंड घट्ट धरला. त्यानेही ऐकलं होतं. त्याचे डोळे भरले होते. आणि मग माझ्या नवऱ्याने, आपल्या लोकांतल्या त्या माणसाने, दोन्ही हात वर केले आणि खोलीभर आवाज दिला, "शू! शूऽऽ! प्लीज! माझी मुलगी गातेय! ऐका!"

मामांचे फासे थांबले. फोनवरच्या बाईने फोन खाली घेतला. पाहुण्याने इतक्या कळकळीने सांगितलं म्हटल्यावर सगळे सभ्य माणसांसारखे गप्प झाले आणि स्क्रीनकडे, म्हणजे माझ्या लेकीकडे, बघायला लागले. मी तरी काय शहाणी? माझा फोन वर होता, रेकॉर्ड करायला, दोन्ही आज्यांना पाठवायला.

तिला ती शांतता पाठीवर जाणवली असणार. आवाज मधल्या शब्दावर तुटला. ती वळली. एवढे डोळे! बदकं मागे नाचतच होती. तिने माइक हळूच खाली ठेवला, जमिनीवर, आणि सोफ्याच्या टोकाला आजींच्या पाठीमागे जाऊन बसली. हाक मारली तरी बघेना.

नवऱ्याला मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दातओठ खात, हळू आवाजात बोलले, पण बोलले. "एवढं सांगितलं होतं! एवढं!" तो बिचारा पांढराफटक पडला होता. "अगं मला राहवलं नाही," एवढंच म्हणत राहिला. मला त्याचा राग येत होता आणि माझ्या हातातल्या फोनचाही. पुन्हा दोन वर्षं. पुन्हा बुटांकडे बघणं. हातात आलेलं गेलं.

मैत्रिणीच्या आईने आधी एक गोष्ट केली. तिने मामांकडे बघून काहीतरी फटकारलं आणि मामा दचकून पुन्हा फासे आपटायला लागले, पूर्वीपेक्षा जोरात. बाई पुन्हा फोनवर बोलायला लागली. आजोबांनी पडलेला माइक उचलून आपलं गाणं लावलं. खोली पुन्हा बाजार झाली. मग ती माझ्याकडे वळली आणि बहुधा तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच सावकाश बोलली.

म्हणाली, "इथे कोणी ऐकत नाही, म्हणून तर सगळे गातात. आम्ही ऐकायला लागलो तर माझे वडील गातील का? कॉलेजात असताना आम्ही मैत्रिणी दर आठवड्याला जायचो. आमच्यात एक फार लाजरी होती. तिची पाळी आली की आम्ही मुद्दाम भांडायला लागायचो. कशावरही. बियांवरून, चपलांवरून. तेवढ्यात ती गाऊन घ्यायची."

"आणि तुम्हाला तिचं गाणं ऐकू यायचं नाही?"

"यायचं की," ती म्हणाली. "पण तिला ते कळू द्यायचं नसतं."

दोन वर्षं मी काय करत होते? ऐकत होते. कान टवकारून. दुकानात तिने तोंड उघडावं म्हणून मी श्वास रोखून उभी राहायचे. शाळेच्या फाटकाशी बाई 'गुड मॉर्निंग' म्हणायच्या की मी लेकीच्या ओठांकडे बघायचे. तिच्या आजूबाजूला मी जिथे तिथे ती भयंकर शांतता घेऊन हिंडत होते. मला तिथेच रडू कोसळलं असतं, पण तेवढ्यात केक आला.

केक कापला, मुलांनी खाल्ला, हातातोंडाला क्रीम. लेक आजींच्या मागून बाहेर आली ती केकसाठीच. माझ्याकडे बघितलं नाही. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि दर क्षणाला बघत होते. नवऱ्याला मामांनी फाशांच्या खेळात ओढून घेतलं होतं. तिथे तो मान खाली घालून हरत होता.

मग वाढदिवसाची मुलगी पुन्हा त्या काचेपाशी गेली. मी पाहिलं. आजींनीही पाहिलं.

या आजी म्हणजे मैत्रिणीच्या आईची आई, चीनहून काही महिन्यांसाठी आलेल्या. त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. त्यांनी माझी बाही धरली आणि मला ओढत सोफ्याच्या पलीकडच्या टोकाला नेलं, अशा जागी बसवलं की स्क्रीन माझ्या पाठीशी येईल. माझ्या हातात मूठभर बिया कोंबल्या. आणि बोलायला लागल्या. चिनीत. माझ्याकडे बघून, हातवारे करून, जशी काही मी त्यांची जन्माची शेजारीण.

मागे बदकांचं गाणं लागलं.

मैत्रिणीचा आवाज आला. मी बी दाताखाली धरली. आजी बोलत होत्या, मी मान डोलवत होते. माझं सगळं अंग कान झालं होतं. मान वळू नये म्हणून मी गुडघा घट्ट पकडला होता. पहिली ओळ. दुसरी. मामा ओरडले, फासे आदळले. आणि त्यातून, मागून, तो घोगरा आवाज आला.

माझी मान डोलायची थांबली. श्वाससुद्धा घेत नव्हते बहुतेक. वळले नाही, देवाशप्पथ वळले नाही, पण पाठीनेच ऐकायला लागले.

गाणं थांबलं. वाद्यं वाजत होती, आवाज नाही. आणि मग माइकमधून, खोलीच्या चारही भिंतींवर आदळून, माझ्या मुलीचा संतापलेला आवाज आला.

"आई! डोन्ट ऐक!"

सगळ्या खोलीला ऐकू गेलं. मामांना, आजोबांना, फोनवरच्या बाईला. कोणी वळून बघितलं नाही. नवऱ्याने, त्या माझ्या बिचाऱ्या नवऱ्याने, मान आणखी खाली घातली आणि फाशांचा पेला धाडकन टेबलावर आपटला.

"मी कुठे ऐकतेय?" मी न वळता ओरडले. "मी आजींशी बोलतेय!"

आणि बोलायला लागले. मराठीत. त्या चिनी आजींना मी सांगितलं की इथे कोथिंबीर मिळते पण जुडी मिळत नाही हो, चार काड्या प्लॅस्टिकमध्ये घालून देतात, त्याच्या वड्या कशा करायच्या माणसाने? सांगितलं की माझी सासू फोनवर रोज विचारते, जेवलात का, आणि मी रोज खोटं सांगते. सांगितलं की मला रात्री झोप येत नाही, मी तिच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहते. हातवारे करून सांगितलं, मोठमोठ्याने. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या भाषेत मला काहीतरी लांबलचक सांगितलं. मग मी. मग त्या. कधी दोघी एकदमच. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि आजी बोलणं न थांबवता कागदी रुमाल काढून माझ्या हातात देत होत्या.

मागे माझी मुलगी गात होती. सूर चुकत होते. शब्द बरोबर होते की नाही मला कळायला मार्ग नव्हता. एकदा तर मैत्रीण दमून थांबली आणि तिचा एकटीचा आवाज पुढे गेला, खणखणीत, शेवटच्या ओळीपर्यंत.

गाणं संपलं. टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते आणि आजींना कोथिंबिरीबद्दल पुन्हा पहिल्यापासून सांगत होते.